टू-स्ट्रोक आणि शनिवारचं तेल

"गाडी मी चालवत आणीन!" असं मी व्हिडिओ कॉलवर अख्ख्या सासुरवाडीसमोर जाहीर केलं, आणि माझ्या निवृत्त आयुष्याचा एक चांगला आठवडा पार नासला. हे बोलताना मी छातीवर हात ठेवला होता, असं माझ्या बायकोचं, अनसूयेचं, म्हणणं आहे. मी ठेवला नव्हता. फार तर मोबाइल सावरायला हात तिथे गेला असेल.

गाडी म्हणजे माझ्या सासऱ्यांची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. सासरे म्हणजे मोरोपंत, मुक्काम अकोला, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा "बाबा ऐकायचे नाहीत, गुपचूप घेऊन निघतील" म्हणून घरच्यांनी ती उचलून अमरावतीला माझ्या पोर्चमध्ये आणून ठेवली. मागच्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं म्हणून मी ती टेम्पोतून अकोल्याला नेली, तर बाबांनी ताडपत्रीचं टोक वर करून आत पाहिलं आणि म्हणाले, "श्यामराव, ही तर तुम्ही पेशंटसारखी आडवी टाकून आणली." बस, एवढंच. पण स्कूटर परत अमरावतीला आणल्यावरही हे वाक्य मला वर्षभर जेवताना आठवत होतं.

आता त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं, रविवारी. माझी मुलगी जुईली नोकरीनिमित्त आजोबांकडेच राहते. तिने विचारलं, "आजोबा, भेट काय हवी?" तर म्हणाले, "काही नको. ती स्कूटर एकदा चालवायची आहे. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येईन. मग विका, भंगारात घाला, काय करायचं ते करा." मग कोणीतरी हळूच टेम्पोचं नाव काढलं, आणि मी ते छातीवर हात न ठेवलेलं वाक्य बोलून गेलो.

खुशालराव मेकॅनिकने स्कूटर पाहिल्यावर आधी तिला नमस्कार केला. मग कार्ब्युरेटर साफ केला, टायर बदलले, ब्रेकच्या वायरी बदलल्या आणि चौथ्या की पाचव्या किकला ती सुरू झाली. मला वाटलं, काम झालं. खुशालराव हात पुसत म्हणाला, "सर, गाडी त झाली. पन तेलाचं कसं करान? आता पंपावर थे तेलाची मशीन नाई राह्यली. तुमाले घरीच पेट्रोलमंदी मिसया लागन. शंभराले दोन. ना कमी, ना जास्त."

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक होतो. मला एखादी गोष्ट नुसती करता येत नाही, ती आधी समजावी लागते, आणि समजली की दुसऱ्याला समजावून सांगावी लागते. त्या संध्याकाळी मी अनसूयेचा चकलीचा सोऱ्या घेऊन अंगणात बसलो आणि जमलेल्या चार माणसांना टू-स्ट्रोक इंजिन शिकवलं. हा सोऱ्याचा नळा म्हणजे सिलिंडर, हा आतला दट्ट्या म्हणजे पिस्टन. पिस्टन वर गेला की वरचं पेट्रोल दाबलं जातं आणि त्याच वेळी खालच्या पोकळीत नवीन पेट्रोल ओढलं जातं. वर ठिणगी पडते, स्फोट होतो, पिस्टन खाली येतो, आणि खाली येता येता खालचं पेट्रोल बाजूच्या वाटेने वर ढकलतो. जळका धूर एका खिडकीतून बाहेर, ताजा माल दुसऱ्या खिडकीतून आत. एकदा वर, एकदा खाली, खेळ खलास.

"आणि तेल?" अनसूयेनं विचारलं. तिचं लक्ष सोऱ्याकडे होतं.

"तिथेच तर गंमत आहे! हल्लीच्या गाड्यांत तेल खाली वेगळं साठवलेलं असतं, तेच ते फिरत राहतं. इथे खालच्या पोकळीतून पेट्रोल जातं, म्हणून तिथे तेल साठवताच येत नाही. तेल पेट्रोलबरोबर येतं, जाता जाता बेअरिंगला, दांड्याला, सिलिंडरच्या भिंतीला हात लावतं आणि शेवटी पेट्रोलबरोबर जळून जातं. रोज नवीन तेल. तेल नाही आलं, तर पिस्टन तापून फुगतो आणि आतच आवळून बसतो. इंजिन जॅम!"

"सोऱ्याला आतून तेलाचा हात नाही लावला तर तेच होतं," अनसूया म्हणाली आणि सोऱ्या घेऊन आत गेली. माझं व्याख्यान तिने एका वाक्यात उरकलं याचं मला थोडं वाईट वाटलं.

पण मोठा धोका व्याख्यान ऐकणाऱ्यांत बसला होता. जानराव, आमचे शेजारी. त्यांचं वावर अंजनगाव सुर्जीकडे आहे आणि कोणत्याही यंत्राबद्दल त्यांचं एक मत असतं. "दोन टक्के?" ते म्हणाले. "सर, काहून इंजिनाले उपाशी मारून राह्यले? माह्या फवारनीच्या पंपाले हेच इंजिन हाय. मी सढय हातानं तेल टाकतो. तेलानं कोनाचं वाटोयं झालं काय आजलोक?" आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी माझ्या हातातला तेलाचा डबा घेऊन टाकीत धार धरली. वर माझीच पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किक मारली. पहिल्यांदा निळसर, मग पांढरा आणि मग ज्याला रंग म्हणता येणार नाही असा धूर निघाला. आधी माझी स्कूटर दिसेनाशी झाली, मग माझं घर. मी बंद करायचा खटका शोधत होतो, पण तो नेमका कुठे आहे तेही दिसत नव्हतं. तेवढ्यात धुरातून मागच्या गल्लीतल्या आशाबाईंचा आवाज आला. "ओ मच्छरवाले भाऊ! आमच्या गल्लीत कवा येनार? पावसायापासून अर्ज करून राह्यलो, मच्छरायनं लेकरं फोडून खाल्ले!"

"आशाबाई, मी महानगरपालिकेचा नाही. मी श्याम, कोपऱ्यावरचा प्राध्यापक."

मग त्या हळहळून म्हणाल्या, "अरे देवा. पेन्शन पुरून नाई राह्यली काय सर?"

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर बातमी झाली की सरांनी पालिकेत धूर मारण्याचं कंत्राट घेतलं. दोन घरांतून तर चौकशीही आली. त्या रात्री आमच्या गल्लीत एकही डास नव्हता, हे मात्र मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

खुशालरावने तेलाने चिंब झालेला प्लग काढून पुसला, जानरावांविषयी दोन शब्द बोलला आणि मला पीयूसी काढायला पिटाळलं. हायवेवर पीयूसी नसेल तर दंड, आणि दंडापेक्षा मला भीती होती ती मोरोपंतांची, कारण गाडी त्यांच्या नावावर. पीयूसीवाल्या पोराने नंबर टाकला आणि हात पुढे केला, "सर, ओटीपी सांगा. मालकाच्या मोबाइलवर गेला."

मी अकोल्याला फोन लावला. "बाबा, तुम्हाला एक आकडा आला असेल, तो सांगा."

"ओटीपी?" बाबांचा आवाज कडक झाला. "श्यामराव, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. मेसेजमध्येच लिहिलं आहे."

"बाबा, मी म्हणजे कोणीही नाही. मी जावई आहे."

"जावयाचा अपवाद त्यात दिलेला नाही."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी मला माझ्या लग्नाची तारीख विचारली, खातरजमा म्हणून. मी चुकलो. इकडे ओटीपीची मुदत संपली. दुसरा आला, तोपर्यंत बाबांनी फोन ठेवून दिला होता. शेवटी जुईली ऑफिसातून घरी गेली आणि तिने आजोबांच्या समोर बसून आकडा सांगितला. पीयूसीवाला हे सगळं स्पीकरवर ऐकत होता. त्याने मला स्वतःहून पाणी दिलं.

मग त्याने नळी लावली आणि डोकं हलवलं. "सर, ह्यात तेल लय हाय. हे पास नाई होत. टाकी खाली करा, साधं पेट्रोल टाका, मंग या." शुक्रवार होता, दुपार कलली होती. मी टाकी रिकामी केली, जेमतेम चमचाभर तेल मिसळलेलं थोडं पेट्रोल टाकलं आणि नळीसमोर उभा राहिलो. स्कूटर पास झाली. मी पंपावर टाकी साध्या पेट्रोलने फुल करून घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आलो. आता फक्त डब्यातलं तेल मोजून मिसळायचं, सकाळी निघायचं.

डबा जागेवर नव्हता. "जानरावभाऊ घेऊन गेले," अनसूया म्हणाली. "फवारणीला तेल कमी पडलं म्हणाले. तुम्हीच त्यांना म्हणाला होतात ना, लागेल ते घेऊन जा." मी असं दर संक्रांतीला तिळगूळ देताना सगळ्यांनाच म्हणतो. जानराव वावरात मुक्कामी होते आणि त्यांचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. दुकानं बंद झाली होती.

शनिवार उजाडला. मी पिशवी घेऊन निघालो, तर अनसूया दारात. "कुठे?"

"तेल आणायला."

"आज शनिवार आहे."

"मग?"

"शनिवारी तेल विकत आणत नाहीत."

मी तिला सांगितलं की तो नियम खाण्याच्या तेलाला आहे. ती म्हणाली, तेल ते तेल. मी म्हणालो, मग पेट्रोल काय गुलाबजल आहे? ती म्हणाली, पेट्रोल शुक्रवारीच भरलंय. मी म्हणालो, हे विज्ञानाचं काम आहे. ती म्हणाली, "उद्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. आज तेल आणून मी त्यांच्यामागे साडेसाती लावून घेणार नाही. तुम्हाला आणायचं तर आणा. मी बसने जाते." एवढ्यावर माझं विज्ञान संपलं. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला, ती किती ते बरोबर सांगता आलं नाही तरी, आवाजावरून कुठे थांबायचं ते कळतं.

शिवाय मी स्वतःची समजूत घातली. जानरावांनी एवढं तेल ओतलं होतं की ते इंजिनाच्या अंगात मुरलं असेल. लोणच्यात मुरतं तसं. चकलीचा सोऱ्या हातात घेऊन जो माणूस चार दिवसांपूर्वी कॉलनीला सांगत होता की इथे तेल साठत नाही, रोज नवीन लागतं, तोच हा माणूस. मी अनसूयेला मागे बसवलं, तिच्या मांडीवर तिळाच्या वड्यांचा डबा, आणि किक मारली.

स्कूटर काय पळाली म्हणता! बडनेरा गेलं, हायवे लागला. दोन्ही बाजूंना तूर उभी, हवेत गारवा, आणि मागे वळून पाहिलं तर धुराचा मागमूस नाही. "पाहिलंस? धूर आहे का?" मी ओरडलो. "एकदम स्वच्छ!" धूर नव्हता, कारण जळायला तेलच नव्हतं, पण हा विचार मला तेव्हा शिवला नाही. मी मोठ्याने गाणं म्हणत होतो. बाबा फाटकात उभे आहेत, मी स्कूटर त्यांच्या पायाशी थांबवतो आणि ते म्हणतात, "श्यामराव..." पुढचं वाक्य मी वेगवेगळ्या प्रकारे रचून पाहत होतो.

मूर्तिजापूर यायच्या आधी इंजिनाचा आवाज बदलला. किणकिण असा. मग ताकद गेली, मग "क्रीक" झालं आणि मागचं चाक जागीच बांधलं गेलं. मी क्लच दाबला, स्कूटर घसरत घसरत रस्त्याकडेच्या गवतात जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं तिच्यावर तसेच बसलेले. वड्यांच्या डब्याचं झाकणही हललं नव्हतं.

"आलं का अकोला?" अनसूयेनं डोळे मिटूनच विचारलं.

इंजिन जॅम. किक दगडासारखी. मी रस्त्याकडेला बसलो आणि मला खरंच रडू यायचं राहिलं. टेम्पोवाल्याचा नंबर माझ्याकडे होता. बाबा पुन्हा ताडपत्री उचलणार, पुन्हा आत पाहणार. या वेळी ते काही बोलणारही नाहीत, आणि ते जास्त वाईट. आणि त्यांचं ते गल्लीच्या टोकापर्यंतचं राहूनच जाणार. मी वर पाहिलं. समोर कडुलिंबाखाली मारुतीचं देऊळ, शनिवारची गर्दी, आणि जो तो मारुतीच्या डोक्यावर तेल ओतत होता. तेल पायरीवरून ओघळत होतं. अख्ख्या तालुक्यातलं तेल तिथे आलं होतं आणि मी कोरडा बसलो होतो.

मी खुशालरावला फोन लावला. त्याने आधी बोलून घेतलं. मग म्हणाला, "थंडी होऊ द्या. मंग प्लग काढा, भोकातून चमचाभर तेल सोडा अन् हळू हळू किक हालवा. नशीब असन त सुटन. अन् टाकीतबी तेल टाका. कोनतं तेल हाय तिथी?"

"मारुतीचं."

"अमरावतीत कोनाले सांगू नका," तो म्हणाला. "पन अकोल्यालोक जाईन."

देवळाच्या दारात पार्बताबाई नावाची म्हातारी रुईच्या माळा आणि तेलाच्या बाटल्या घेऊन बसली होती. मी अनसूयेकडे पाहिलं. आता बोलायची तिची पाळी होती. ती पार्बताबाईंसमोर उकिडवी बसली. "मावशी, शनिवारी तेल विकत घ्यावं का हो?"

"देवाले वाहाले त शनवारीच घ्या लागते माय."

"आणि वाहून उरलं तर?"

"उरलं थे परसाद. परसाद कोनी इकत घेते काय?" पार्बताबाईंनी माझ्याकडे, मग स्कूटरकडे पाहिलं. "मारुतीले तेल लागते, गाडीले लागते, माह्या गुडघ्यालेबी लागते. घेऊन जा. बाटली तेवढी वापस दे."

अनसूयेनं बाटली घेतली, मारुतीच्या डोक्यावर अगदी मन लावून थोडीशी धार सोडली, हात जोडले आणि उरलेली बाटली मला दिली. शंकराचार्यांनाही याच्यात खोट काढता आली नसती. इंजिन गार होईपर्यंत आम्ही तिळाच्या वड्या खाल्ल्या. देवळातल्या मंडळींनी सल्ले दिले. एकजण म्हणाला गाडी उलटी करा, एकजण म्हणाला नारळ फोडा. मी दोन्ही केलं नाही, म्हणजे नारळ फोडला. मग प्लग काढून प्रसाद आत सोडला आणि किकवर हलकेच पाय ठेवला. ती केसभर हलली. पुन्हा ठेवला, पुन्हा हलली. आणि एकदम मोकळी झाली. देवळासमोर जयजयकार झाला. तो मारुतीचा होता, पण मी मान लववली.

प्लग परत बसवला, उरलेलं तेल टाकीत घातलं, स्कूटर दोन्ही हातांनी हलवून ते मिसळलं, सीटखालची पेट्रोलची कळ उघडली आणि आम्ही निघालो. धूर होता, पण आता मला तो आवडत होता. फक्त एक गोष्ट खुशालरावने सांगितली नव्हती. शेंगदाण्याचं तेल इंजिनात जळलं की भज्यांचा वास येतो. साधासुधा नाही, कढईतून आत्ताच काढलेल्या कांदाभज्यांचा. बोरगाव मंजूला मी वेग कमी केला तर एका मोटारसायकलवाल्याने शेजारी गाडी घालून विचारलं, "काका, पलेट कशी देल्ली?" अनसूया तोंडावर पदर घेऊन हसत होती. मी समोर पाहत अब्रूनिशी गाडी चालवत राहिलो.

बाबा फाटकात उभे होते. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. सकाळपासून तसेच उभे होते म्हणे. मी स्कूटर त्यांच्या पायाशी थांबवली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, हुंगलं आणि विचारलं, "कोणतं तेल?"

"मारुतीचं."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी हँडल हातात घेतलं. मी इतकी वाक्यं रचली होती, त्यातलं एकही त्यांनी म्हटलं नाही. अनसूयेनं मला खुणावलं, मी मागे बसलो. जुईली, शेजारीपाजारी, उद्याच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे, सगळे ओट्यावर आले. बाबांनी गिअर टाकला आणि आम्ही निघालो.

ते सुरेख चालवत होते. हळू, पण सरळ रेषेत, गणिताच्या मास्तराने चालवावी तशी. मला त्यांचे खांदे दिसत होते. समोरून ऑटोंचे हॉर्न ऐकू येऊ लागले तसे ते ताठ होत गेले. गल्लीचं टोक आलं. पुढे मोठा रस्ता, ऑटो, बस, मोटारसायकली, आणि तिथे गाडी वळवून परत यायचं. बाबांनी वेग कमी केला. त्यांचा एक हात सीटखाली गेला, परत आला. थोडं पुढे जाऊन इंजिन फुसफुसलं आणि बंद पडलं.

"पडली बंद," बाबा समोर पाहत म्हणाले. "तुमचं ते तेल."

मी उतरलो, वाकून पाहिलं. सीटखालची पेट्रोलची कळ बंद होती. ती कळ बंद केली की कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी जराशी चालते आणि मग थांबते. देवळाजवळ ती मी माझ्या हाताने उघडली होती. मी मान वर केली. बाबांनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं होतं; त्या गर्दीत गाडी वळवायची त्यांना भीती वाटली होती, आणि ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

आठवडाभर मला ज्याने त्याने शिकवलं होतं. आता पहिल्यांदा मला काहीतरी नक्की माहीत होतं, आणि ते सांगायला जीभ वळवळत होती. पण बाबांची मान पाहिली आणि माझा सगळा रुसवा कुठल्या कुठे गेला. मला त्यांची माया आली, दुसरा शब्द नाही.

"बरोबर आहे बाबा," मी म्हणालो. "तेलच. इंजिन तापलं. तुम्ही बसून राहा, हँडल धरा, मी ढकलतो."

"माझ्या चालवण्यात काही..."

"छे! तुम्ही काय सुंदर चालवली!"

मी स्कूटर वळवली आणि सासऱ्यांसकट ढकलत निघालो. बाबा ताठ बसले होते, दोन्ही बाजूंना मान लववत होते. मी घामाघूम. "श्यामराव, जरा जोर लावा," ते मधेच म्हणाले, "लोक पाहून राहिले." फाटकाशी पोचलो तेव्हा ओट्यावर हशा पिकला होता. जुईली ओरडली, "बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात, चालवत आणीन!"

"चुकलंच माझं," मी धापा टाकत म्हणालो. "तेल कमी पडलं."

बाबा उतरले. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार दिला, आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "कळ उघडून ठेवा. उद्या सकाळी पुन्हा जाऊ. तुम्ही चालवा, मी मागे बसतो."

मग खांद्यावरचा हात न काढताच ओट्याकडे वळून ते गरजले, "हसता काय? गाडीत काही दोष नाही. अनसूये, यांना आधी चहा दे!"